कॅमेऱ्यासमोरची खाट

प्रिय सुलक्षणा,

ताईंचं पत्र, तेही पोस्टानं, म्हणून हसू नकोस. फोन करता आला असता. पण वाटणी झाल्यापासून या दोघा भावांनी एकमेकांचं नाव काढायचं नाही असं ठरवलंय, आणि हे घरात असले की माझ्या फोनकडं कान लावून बसतात. शिवाय तुझा आवाज ऐकला की मी रडत बसणार आणि सांगायचं ते राहून जाणार. मला ओळखतेस तू.

तुम्ही दौंडला गेलात, घराच्या तुमच्या अर्ध्या भागाला कुलूप लागलं, आणि कवठ्याचं हे घर एवढं मोठं आहे हे मला पहिल्यांदाच कळलं. आमची लेक प्रांजल नाशिकला होस्टेलवर. हे सकाळी कांद्याकडं जातात ते दिवेलागणीला येतात, जेवतात, झोपतात. उरल्या आत्याबाई. सासू म्हणून त्यांना आपण दोघी किती भ्यायचो, आठवतं? आता त्यांना ऐकू कमी येतं, माझं अर्धं बोलणं वाऱ्यावर जातं. जावा जावा, उभा दावा म्हणतात. अगं पण दावा मांडायला तरी जाऊ समोर पाहिजे ना! तुझ्याशी भांडूनसुद्धा माझा दिवस बरा जायचा. रेल्वे क्वार्टरमधली पोर तू, म्हशीला भिऊन माझ्या पाठीमागं लपायचीस. परवा धार काढताना सवयीनं मागं वळून तुला हाक मारली. म्हैसच बघायला लागली माझ्याकडं.

तर मागच्या महिन्यात आमचं इंटरनेट बंद पडलं. फोनवर वायफायचे सगळे दांडे दिसायचे, पण प्रांजलचा चेहरा उघड्या तोंडानिशी अडकून राहायचा. दिवसभरात तिच्याशी बोलते तेवढंच माझं बोलणं, तेही गेलं. इंटरनेटवाला येऊन बघून गेला. म्हणाला, राउटर चांगलाय, घोटाळा तुमच्या स्विचच्या डब्यात हाय, व्हीलॅन ज्यानं केलं त्याला विचारा. आता आली का पंचाईत! ते भाऊजींनी केलेलं. वाटणी झाल्यावर मला समजावलंही होतं त्यांनी: वहिनी, चारी एकच आन् पाणीबी एकच, पण मधी बांध घालून दोन वाफे केलेत, तुमचं पाणी आमच्यात येणार न्हाई, आमचं तुमच्यात न्हाई. डब्याचे डावीकडचे पोर्ट आमचे, उजवीकडचे तुमचे. मला तेव्हा फार वाईट वाटलं होतं, शेताची झाली ती झाली, तारेचीपण वाटणी! पण विचारायचं कुणाला? आपलेच दात, आपलेच ओठ.

म्हटलं, बघू तरी. सगळ्या तारा काढल्या आणि एकेक लावत गेले. प्रत्येक तार लावली की जरा थांबायचं, दिवा बघायचा, फोन चालतोय का बघायचं. निळी तार लावली आणि सगळे दिवे अंगात आल्यासारखे नाचायला लागले. तार हातानं चाचपत गेले तर काय, एक टोक आमच्या पोर्टात आणि दुसरं तुमच्या! जुन्या टीव्हीची ती तार, सुटं टोक लोंबत होतं. झाडताना आत्याबाईंनी ते उचलून रिकाम्या जागेत खोचून दिलेलं. विचारलं तर म्हणाल्या, उघडं ऱ्हायलं तं पाल शिरंल की गं आत. बांध फोडून टाकला बाईनं! आमचे फोन तुमच्या वाफ्यात जाऊन तहानलेले बसले होते. मी इतकी हसले की डोळ्यांत पाणी आलं, आणि मग ते थांबेचना.

तार काढली, सगळं सुरळीत झालं. पण डब्याशी बसायची मला सवय लागली. तिथंच एक गोष्ट ध्यानात आली. तुमच्या बाजूला आता एकच तार, दारावरच्या कॅमेऱ्याची. त्याचा दिवा एरवी सावकाश लुकलुकतो. चहाच्या वेळेला मात्र, भाऊजींची कुरकुंभच्या कारखान्यातली पहिली पाळी सुटते ना तेव्हा, जोरात पळायला लागतो. आधी वाटलं पुन्हा बिघाड. मग एक दिवस ऊन लागतं म्हणून आत्याबाईंची अंगणातली खाट मी कॅमेऱ्यापुढून पडवीत ओढली, तर दिवा पळतोय, पळतोय, थांबायचं नाव नाही. संध्याकाळी खाट परत अंगणात आणली आणि थोड्या वेळानं शांत झाला. सुलक्षणे, तिकडून कुणी कॅमेऱ्यातून बघत असलं की तो दिवा पळतो. कुलूप बघायला नव्हता ना गं तो कॅमेरा?

आत्याबाईंच्या कानाशी जाऊन सांगितलं. तेव्हापासून रोज दुपारी वेणी घालून, धुतलेलं लुगडं नेसून खाटेवर बसायच्या आणि वर बघून बोलायच्या. पोरा जेवला का, पाळी कवा बदलती, पोरीला खोकला हाय का अजून. त्यातून आवाज जात नाही हे मी काही त्यांना सांगितलं नाही. मीही तांदूळ निवडायला सूप घेऊन शेजारी जाऊन बसायचे. तू दिसत नव्हतीस, पण मी तुला दिसत असेन एवढ्यावर माझं मन भागायचं. लाज वाटते सांगायला, पण एकदोनदा नवी साडीही नेसले.

आता ज्यासाठी लिहायला बसले ते. आत्याबाई सोमवारपासून उठलेल्या नाहीत. शिरूरच्या डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं, त्याचा अर्थ तुला कळेल. आतल्या खोलीत निजवलंय त्यांना, चमच्यानं पाणी घालते. अंगण रिकामं आहे आणि तुमचा दिवा दिवसभर पळतोय. माझा धाकटा पिरथी आला का, असं त्या यांच्या तोंडावर विचारतात आणि हे उठून बाहेर जातात. काल हे कॅमेऱ्याखाली जाऊन उभे राहिले, टोपी हातात घेऊन, वर बघत, कितीतरी वेळ. बोलायला तोंड कुठाय त्यांना! आत खोलीत एक कॅमेरा लावून त्याची तार तुमच्या बाजूला जोडणं मला आता सहज जमेल. पण लावणार नाही मी. त्यात त्या दिसल्या की भाऊजी तिथंच बसून बघत राहतील. त्यांना म्हणावं, आईला बघायचं असेल तर पायांनी या. सगळे या, पत्र मिळेल त्याच दिवशी या. दार मी उघडते.

तुझीच,
अनुपमाताई