दाताखालचा दाणा

दिघोरी. रविवार, २ नोव्हेंबर, दिवेलागण.

पल्लवीचा फोन येऊन गेला, पण मी अजून तिकडेच आहे, अमेरिकेतल्या मक्यात. पोरगी तिकडे मोठ्या शहरात नोकरी करते. सुट्टीत ऑफिसातल्या मैत्रिणीच्या गावी गेली होती. इथे सांज, तिथे सकाळ. फोनमध्ये धुकं दिसलं, आणि धुक्यात उभा मैत्रिणीचा म्हातारा बाप. त्यानं मक्याचा दाणा दाताखाली धरून कटकन फोडला. वाळला की नाही, ते पाहत होता. अरे, खळ्यावर मी धान असाच पाहतो!

पल्लवी हळूच म्हणाली, "निवडणुकीपासून हे बापलेक बोलून नाही राहिले, बाबा. काकाले वाटते, शहरात गेलेली पोरगी आपल्याले अडाणी समजते."

"समजते का?"

"थोडंसं... हो."

ही नागपूरला शिकत असताना मी तांदूळ घेऊन तिच्या खोलीवर गेलो होतो. मैत्रिणींसमोर सवयीनं एक दाणा दाताखाली फोडला. तेव्हा ही कानाशी येऊन म्हणाली होती, "बाबा, इथं नका करू." तो दाणा अजून दातात अडकल्यासारखा वाटतो. का लिहितोय हे?

"बाबा, तुम्ही बी काकाले करून दाखवा ना," ती म्हणाली. खिशात धान होतंच. फोडलं. धुक्यातला म्हातारा खदखदून हसला.

पल्लवी नाही हसली. म्हणाली, "नागपूरची गोष्ट आठवते का, बाबा?"

"कोणती?" मी म्हणालो.