‘जा’ म्हणजे राहणार

मंगळवार, १४ ऑक्टोबर, आखन, जर्मनी

सकाळी व्हिसाच्या ऑफिसात गेले. नोकरीच्या परवान्याची मुदत महिनाभरात संपत होती. अविनाश गेल्यानंतरचं हे पहिलंच नूतनीकरण. दर वेळी निघताना तो माझ्या हातावर दही-साखर ठेवायचा. आज विसरलेच, बसमध्ये आठवलं.

अर्जात ‘विवाहित’च्या जागी ‘विधवा’ लिहिलं होतं. ते वाचून तिथल्या बाईंनी हळूच विचारलं, “तरी इथेच राहणार?”

“या,” मी म्हणाले. जर्मन होकार, स्पेलिंग ‘ja’. अविनाश ते मुद्दाम ‘जा’ वाचून नेहमी चिडवायचा, “राहायचंय आणि ‘जा’ काय म्हणतेस?” ते आठवून मला तिथेच हसू आलं. बाईही हसल्या, कशाला कोण जाणे.

आणखी चार वर्षं मिळाली. बरं वाटतंय. वाटावं का? वाटतंय खरं.

घरी येऊन दही-साखर कालवलं. उशीरच झाला होता, तरी चमच्याने तळव्यावर घेतलं आणि खाल्लं.