नात्याचा रकाना

परभणी,
रविवार, ता. ९ फेब्रुवारी १९५८

चि. सौ. अंबूस,

कस्तुराअक्काचे अनेक आशीर्वाद. इकडे सर्व ठीक, असे लिहायची पद्धत आहे. ती आज बाजूला ठेवते.

पत्र लिहावे लागते ते असे. लिंबाजीराव सकाळी आले. तुमची बायना शहाणी झाल्याची बातमी तुमच्यापर्यंत पोचली, पोखर्णीच्या माणिकरावांच्या मुलाशी तिच्या लग्नाचे बोलणे झाले, आणि तीनच्या मोटारीने ते तिला सोनपेठला नेत आहेत. बातमी खोटी आहे. बायनाला न्हाण आलेले नाही. हे पत्र तूच वाच. तुला अक्षरे मी शिकवली आहेत. दुसऱ्याकडून वाचून घेण्याचे कारण नाही.

पौषात एके सकाळी तिचा परकर लाल दिसला. पोट दुखते का विचारले, तर नाही म्हणाली. अकरा वर्षांची मुलगी. मला जे वाटले ते कुठल्याही बाईला वाटले असते. मी तिला मागच्या पडवीत बाजूला बसवली. होय, मी. वर्गात मुलींना शरीरशास्त्र शिकवणारी, याच विटाळावरून आईशी भांडलेली. विटाळ मी मानत नाही. ती कोणाच्या नजरेस पडू नये म्हणून बसवली. शहाणी झाली की तुला कळवायचे आणि तू येऊन तिला न्यायचे, असे आपले ठरले होते. मला कळवायचे नव्हते. धुणे धुणाऱ्या कासाबाईला बजावले, कोणाला बोलू नकोस. बजावले म्हणूनच ती बोलली असावी.

दुसऱ्या दिवशी बायना म्हणाली, "मावशी, ते परसाकडं बसलं की येतंय." मी म्हणाले, असल्या गोष्टी बोलू नयेत.

अंबू, तिने मला सांगितले होते.

चौथ्या दिवशी ती रांजणापाशी पडली. तळहात पिठात बुडवून काढल्यासारखे पांढरे. इथल्या डॉक्टरांनी तिला दोनच प्रश्न विचारले आणि मला म्हणाले, हे ते नव्हे, हैदराबादची गाडी गाठा. माझ्याबरोबर कॉलेजात असलेले दिनकरराव तिथे शस्त्रक्रिया करतात.

त्यांनी समजावले ते असे. आईच्या पोटात असताना बाळाच्या आतड्यापासून नाळेपर्यंत एक नळी असते. ती जन्माआधी विरून जाते. क्वचित तिचे करंगळीएवढे टोक आतड्याला तसेच राहते. बायनाच्या त्या टोकात जठराचे अस्तर निघाले. ते अस्तर कुठेही असो, आंबट पाझरणारच. जठराला ते सोसते, आतड्याला सोसत नाही. शेजारी व्रण पडला आणि वाहत राहिला. तेवढा भाग कापून आतडे शिवले. गर्भाशयाला हात लागलेला नाही, हे तिकडच्या बायकांना ठासून सांग.

लिंबाजीरावांनाही हे सांगितले. ते म्हणाले, "अक्का, एकाचं अस्तर दुसऱ्यात कसं जाईल? शेळीचं काळीज खुरात सापडलंय का कवा?"

बायना आतून ओरडली, "बाबा, गेलं न्हाई ते! जन्मापासून तिथंच व्हतं!"

"तू गप बस. अक्का, तुमी शिकल्याली मानसं. पोरगी ठिवून घ्यायला काय बी सांगताल."

मी म्हणाले, जेवा. त्यांचे पहिले म्हणणे चूक आहे. दुसरे चूक नाही.

तार केली असती तर तू आली असतीस. केली नाही. रक्ताच्या दोन बाटल्या लागल्या, त्यांतली एक माझी. जुळले. हे लिहिणार नव्हते. शस्त्रक्रियेआधी सहीचा कागद आला, त्यावर नात्याचा रकाना होता. तिथे मी 'आई' लिहिले. घाईत लिहिले गेले, असे तुला सांगायचे ठरवले होते. घाई नव्हती. शाई वाळेपर्यंत त्या शब्दाकडे पाहत बसले होते.

तीन वर्षांपूर्वी तू तिला माझ्याकडे शिकायला दिलीस. मला ती ठेवायला दिल्यासारखी वाटू लागली.

आता तिचे लग्न करू नकोस. एवढे मागते. पुढचे मागायला मला तोंड नाही. आज सकाळपासून तिची वेणी दोनदा घातली. पहिली चांगली होती.

तुझी अक्का, आणि बायनाची मावशी,
कस्तुरा

लिंबाजीरावांच्या हाती दिले ते:
बायना. जखम भरली आहे. दोन महिने घागर उचलू देऊ नये.
दिनकररावांचा इंग्रजी कागद, मागच्या बाजूला मी केलेला तर्जुमा. तो माणिकरावांना वाचून दाखवावा.
रक्तवाढीचे औषध, एक बाटली. जेवणानंतर एक चमचा.
परकर तीन, पोलकी तीन.
पाचवीची पुस्तके दिलेली नाहीत. परीक्षा एप्रिलात आहे.