रावणाचे पाय

१४ डिसेंबर १९७८
पाय भाजला आणि यांना कळलंच नाही!
थंडी फार. हे अंगणात शेकोटीपाशी दंडारीच्या नाचनाटकातली रावणाची वाक्यं म्हणत बसले होते. मला वाटलं कुठंतरी चिंधी जळून राहिली. शकुन ओरडली, "बाबा, पाय काढा!" हे आपले हसतच. "काय झालं वं?" तळव्याला केवढा फोड, कातडी काळी पडलेली. आणि तोंडातून साधं "आई गं" नाही. मलाच रडू आलं.

१५ डिसेंबर
साकोलीच्या डॉक्टरांनी लघवी तपासली. नळीतलं निळं पाणी तापवलं तर विटेसारखं लाल झालं. म्हणाले, "साखर आहे. कधीपासून, कोण जाणे. पायांना आता कळत नाही, म्हणून डोळ्यांनी पाहायचं."
यांनी एकच विचारलं. "नाचता येईन का?"
"आधी पाय वाचवू."
बसने परत आलो. वीस गावं ज्याला रावण म्हणून ओळखतात तो माणूस खिडकीला डोकं लावून बसला होता.

२९ जानेवारी १९७९
जखम हळूहळू आकसते आहे. मी पट्टी बदलते. दुसरा पाय हे स्वतः बघतात. काय चिकाटी! पाणी आधी मी हात घालून पाहायचं, कारण यांना उकळतं पाणीही गारच वाटेल. पाय धुतला की बोटांच्या मधली जागा पंच्याने कोरडी करायची. टाचेला तेल, पण बोटांमध्ये थेंब नाही. नखं सरळ कापायची, कोपरे कोरायचे नाहीत. आणि मग रंग लावायचा आरसा जमिनीवर ठेवून त्यात तळवा पाहायचा! वाकून वाकून! मी हसले तर म्हणाले, "तोंड पाहून काय करू? तोंडाले दुखलं तं समजते."
घरात चप्पल घालून फिरतात. देवापुढे मात्र थबकले. मीच म्हटलं, या, देवाला काय पाय नाहीत?

८ मार्च
वाईट दिवस.
दंडारीचे मुख्य दादाजी आले. अंगणातच उभे. पाणी दिलं तर "तहान नाही." मग चाचरत, "परसराम, लोक म्हणून राहिले... पायाले समजत नाही, जखम भरत नाही... महारोग तं नाही? पोरं तुह्यासंगं नाचाले भेतेत."
आणि संध्याकाळी शहापूरहून निरोप. शकुनचं लग्न तिथे जवळजवळ ठरलं होतं. मुलाच्या आईने, आनंदाबाईने सांगून पाठवलं, "पोरगी चांगली हाये, पन आमी थांबतो."
शकुन गोठ्यात जाऊन रडली. मी म्हटलं, घरोघर जाऊन सांगते, महारोग नाही म्हणून! तर हे म्हणतात, "असता तरी मी मीच रायतो ना, रुखमा? त्या रोग्यायचाही पाय पायच असते."
मग मी कुठे गेले नाही. या माणसाला मी अजून पुरती ओळखत नाही.

२ जून
जखम भरली!! आरसा तरी सुटला नाही.

२१ जुलै
रोवणी, भाताची लावणी. यांनी चिखलात पाय घालायचा नाही. लोक टोमणे मारतात, "साहेब आले, साहेब!" हे कॅनव्हासचे जोडे घालून धुऱ्यावर, बांधावर उभे. पण तिथून रावणाच्या आवाजात आम्हा बायांना असे काही दरडावत होते, "सीते, रोप सरळ लाव!", की सगळ्या हसून हसून चिखलात बसल्या. माझं कंबरडं आज दुखलंच नाही.

१८ ऑक्टोबर
हे स्वतः दादाजींकडे गेले. पाय त्यांच्यासमोर ठेवला. म्हणाले, "हात लावून पाह्य." दादाजींनी खरंच हात लावला म्हणे.
"रावण तूच," म्हणाले.

५ नोव्हेंबर
मंडई, दिवाळीनंतरची आमची जत्रा. भर दुपारी, आखाड्याभोवती माणूसच माणूस. शहापूरकडचेही लोक आले होते. दशमुखी मुकुट, अंगावर जरी, आणि पायात जोडे! मोज्यांवर घुंगरू.
कोणीतरी ओरडलंच, "लंकेत जोडे कधीपासून विकते रे?"
हशा! हे थांबले. मिशीवर हात फिरवला. "सोन्याची लंका आहे माझी! जोडे नसतील?"
टाळ्याच टाळ्या. मग मुकुट काढला आणि साध्या आवाजात बोलले, "आयका. मले साखरेचा रोग हाये. पायाले समजत नाही, जखम लवकर भरत नाही. मनून जोडे. कोनाचा पाय सुन्न पडत असन, जखम झाकून ठेवत असन, तं झाकू नका. दाखवा. लाज माह्यावर टाका, मी राक्षसच हावो."
ढोलक्याला थाप द्यायची आठवण राहिली नाही. यांनीच पाय आपटून सुरुवात केली. असे नाचले! गेल्या साली मी पाहिलं त्याहून चांगले. खाली उतरल्यावर आधी जोडे काढून पाय पाहिले, मग पाणी प्यायले.
मी गर्दीत सगळ्यांदेखत रडले. रडू दे!

१२ नोव्हेंबर
सकाळच्या बसने शहापूरच्या आनंदाबाई आल्या. एकट्याच. मला वाटलं सोयरिकीचं बोलतील. त्यांनी स्वयंपाकघराचं दार लोटलं, खाली बसल्या आणि पायाची चिंधी सोडली. अंगठा निळाकाळा. वास. "मलेही तेच हाये, बाई. घरी कोनाले सांगतलं नाही. मंडईत मी होती. तुमच्या मालकाले विचारा ना, हा अंगठा वाचन का?"
हे दाराबाहेरूनच म्हणाले, "इथं बसू नका. आताच्या आता साकोली."
दुपारच्या बसने गेले. पुढे हे, मागे आनंदाबाई, आणि त्यांना दंडाला धरून शकुन.