पाटलाच्या मोटारीचं निप्पल

वणी, गुरुवार, १२ मार्च १९५९

डोकं अजून तापून राह्यलं. पाटलाच्या जुन्या मोटारीत ब्रेकातली हवा काढाचं निप्पल गंजून मुळापासून तुटून बसलं होतं. तापवलं, तेल सोडलं, हळूहळू फिरवून दोन घंट्यांत काढलं.

नवं बसवून हवा काढाले मी खाली, पाटील सीटवर. मी म्हटलं, "ब्रेकवर पाय दाबून धरा."

"मले हुकूम देतं का बे?" म्हणे, अन् पाय उचलला. हवा परत आत! दोनदा तसंच केलं. शेवटी मी म्हटलं, "धरा जी, पाटीलसाहेब." तवा धरला.

ब्रेक लागला. पण मी 'जी' काहून म्हटलं? बौद्ध होऊन अडीच वर्षं झाले. गंजलेलं निप्पल दोन घंट्यांत निघालं. तोंडातला हा बापजाद्यांपासूनचा 'जी' कायनं काढू?