मायचं लुगडं आणि कागदी स्पीकर

कुडवा, गोंदिया
६ एप्रिल २०२५

चि. भोजराजबाबू यास कुंताताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सगळे बरे आहोत. तिकडे हैदराबादेत जेवणाची आबाळ करून घेऊ नकोस. तुझ्या भाचीच्या, रविताच्या लग्नाच्या पत्रिका छापायला दिल्या. लाखोळीच्या डाळीच्या वड्या अंगणात खाटेवर वाळत आहेत. मोबाइल असताना ताई पत्र कशाला लिहिते, असं तुला वाटेल. ते पुढे सांगते, आधी तुझ्या पार्सलचं ऐक.

तू बनवून पाठवलेला तळहाताएवढा अ‍ॅम्प्लिफायर आणि गळ्यात अडकवायचा माइक मिळाला. चिठ्ठीत तू लिहिलं होतंस की याची ताकद थोडी, म्हणून हलक्या कागदाचा जुना स्पीकर बघा आणि खोका घरीच बनवा, स्वस्तात होईल. तुझ्या भाऊजींना चिठ्ठी पूर्ण वाचायची सवय कुठली! बाजारात गेले आणि कारमध्ये लावतात तसले जाडजूड, रबरी कडांचे स्पीकर घेऊन आले. दुकानदार म्हणे बोलला, "अंकल, इसमें दम है." दम असेल, पण तो हलवायला तुझ्या यंत्रात जोर नको? बंडीला बकरी जुंपल्यासारखं झालं. रविता माइकमध्ये ओरडली तरी स्पीकर नुसता कण्हला.

मग चिठ्ठी पुन्हा वाचून झाली. शेजारच्या कवडूच्या दंडार मंडळाचा, नाटकाच्या खेळात लावायचा एक जुना स्पीकर अडगळीत पडला होता, तो त्याने देऊन टाकला. मोठा, पण पडदा पत्रावळीसारखा हलका. फुंकर घातली तरी हलायचा. स्वयंपाकघराच्या फळ्यांचं उरलेलं प्लायवूड कापून खोका झाला. आवाज घुमू नये म्हणून आत काही मऊ भरा, असं तू लिहिलं होतंस. धानवाल्यांचं डोकं, दुसरं काय सुचणार? भाऊजींनी धानाचा कोंडा भरला! सकाळी बघतो तर उंदरांनी कोंडा तर खाल्लाच, वर पडदाही कुरतडला.

भाऊजी कपाळाला हात लावून बसले. मी पतंगाचा कागद आणून डिंकाने पडदा सांधला. कोंड्याच्या जागी मायचं हिरवं लुगडं फाडून भरलं. हो, तेच. माय गेल्यापासून पेटीतून ते कधी कोणाला काढू दिलं नव्हतं, पण त्या दिवशी हात थांबला नाही.

बाबू, स्पीकर तयार झाला तरी मी बोलत नव्हते. भाऊजी माइक पुढे करायचे, मी मान हलवायचे. गळ्याच्या ऑपरेशननंतर माझा आवाज सुपात धान पाखडल्यासारखा येतो. तो तू ऐकू नयेस म्हणून तुझा फोन आला की भाऊजी सांगतात, ताई आंघोळीला गेली. मी तिथेच बसलेली असते. मागे तू विचारलंस, "ताई दिवसातून कितीदा आंघोळ करून राहिली?" मला इतकं हसू आलं, आणि हसण्याचाही आवाज निघाला नाही. मग रडले.

आपल्या घरात मुलीच्या हळदीला गाण्याची पहिली ओळ माय धरते. माझ्या हळदीला मायने धरली तेव्हा तू मांडवाच्या खांबाला मिठी मारून रडत होतास. रविताच्या हळदीला मोबाइलवर गाणी लावा, असं मीच पाटीवर लिहून दिलं होतं. ते वाचून पोरीचं तोंड उतरलं. ते मला फार लागलं.

परवा भाऊजींनी वायर पुरते का बघायला माइक माझ्या गळ्यात घातला होता. खोका ओसरीवर, यंत्र चालू. तेवढ्यात शेजारच्या रुख्माची बकरी खाटेवर चढली. मी विसरूनच गेले आणि ओरडले, "रुख्मा वं! बकरी धर तुई, वड्या खाऊन राहिली!"

अंगणभर आवाज गेला. भिंतीपलीकडून रुख्मा तितक्याच ठसक्यात म्हणाली, "आली वं माय! एवढी कायले ओरडून राहिली?"

ओरडते म्हणाली मला! ऑपरेशनपासून मला असं कोणी म्हटलं नव्हतं. मी तिथेच खाली बसले. भाऊजी स्क्रू शोधायचं सोंग करत खोक्यामागे डोळे पुसत होते. बकरीने बऱ्याच वड्या खाल्ल्या, खाऊ दे.

संध्याकाळी रविताला जवळ बसवून हळदीची पहिली ओळ म्हटली. मायसारखी गोड नाही निघाली, खरखरली. पण शब्द न् शब्द ऐकू आला. रविता माझ्या मांडीवर डोकं ठेवून पडून राहिली.

तुझे उपकार मानते म्हटलं तर तू रागावशील. तरी मानते. तू लहान असून माझ्यासाठी एवढं केलंस. जेवताना, झोपताना तुझं नाव घेते.

हळदीच्या आदल्या दिवशी ये. पहिली ओळ मीच धरणार. रडायचं असेल तर मांडवाचा एक खांब तुझ्यासाठी मोकळा ठेवते.

आणि रविवारी फोन कर. भाऊजींना आंघोळीला पाठवून मी उचलीन.

तुझी,
कुंताताई