अर्ध्या घराचं पक्कं छप्पर

३ मे, शनिवार

पत्रेवाला येऊन गेला. शिडीवरून उतरला तो मान हलवतच. मान हलवणाऱ्या माणसाचा आकडा नेहमी मोठा असतो!

म्हणाला, "मावशी, हे छप्पर नुसतं सवयीनं बसलंय. वासे भिंतीवर टेकवलेत, बांधलेले नाहीत." वर एक खिळा बोटांनी उपटून माझ्या तळहातावर ठेवला. गंजून काडी झालेला. त्याचं म्हणणं, प्रत्येक वासा लोखंडी पट्टीनं भिंतीला आवळायचा, खिळे काढून स्क्रू मारायचे, पत्रे नवे. मग कसलंही वादळ येऊ दे. पंचवीस वर्षांची गॅरंटी. मी सदुसष्टची. म्हटलं, ब्याण्णवाव्या वर्षी उडालं तर भांडायला येईन हं! हसला नाही.

खर्च ऐकून पाणी प्यावं लागलं. माझ्या पेन्शनचे सतरा महिने. नाकापेक्षा मोती जड. पण गेल्या वर्षी छापखान्याचं छप्पर उडून शाळेच्या मैदानात पडलं, ते मी या डोळ्यांनी पाहिलंय.

जाताना म्हणतो, "करायचं तर अख्खं करा. छप्पर एकच आहे."

छप्पर एकच आहे! पण घरं दोन आहेत, ते?

५ मे, सोमवार

दिवसभर तेच डोक्यात.

वडिलांची बारा वर्षं मी केली. भांडी घासावीत तशी त्यांची बेडपॅन घासली. धाकटी बहीण तेव्हा नवऱ्याच्या घरी, वर्षातून एकदा पेढे घेऊन येणार आणि वडिलांचा हात धरून रडणार. मेले तेव्हा कागदावर काय? अर्धं हिला, अर्धं तिला. नवरा गेल्यावर बाई ट्रंक घेऊन हजर. आयत्या बिळावर नागोबा!

नऊ वर्षं झाली. मधे भिंत घातली. गवंड्यानं तुळईपर्यंत आणली आणि वरच्या तिकोनाचे वेगळे पैसे मागितले. मी म्हटलं, तिनं द्यावेत. ती म्हणाली, ताईनं द्यावेत. तो तिकोन राहिला तो राहिलाच. त्यामुळे खाली दोन घरं आणि वर एकच हवा. तिचा खोकला माझ्या घरात, माझी फोडणी तिच्या घरात.

एकतीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये लोकांची बोलणी ऐकायचा पगार घेतला. आता फुकट ऐकते. सकाळी सात वाजता ब्लडप्रेशरच्या गोळीचं पाकीट फाटतं, तेही कळतं. कान अजून तेच आहेत.

बोलत मात्र नाही. ती बोक्याशी बोलते, मी चहाच्या भांड्याशी. लेकी बोले सुने लागे.

९ मे, शुक्रवार

पत्रेवाल्यानं तिलाही आकडा सांगितला म्हणे. चोंबडा!

दुपारी तिकडून बोक्याला: "काय रे, अर्धे आत्ता दिले आणि अर्धे सहा महिन्यांनी, तर चालेल का कुणाला?"

आवाज कसा मऊ! मी भांडं आपटलं आणि त्याला सांगितलं, "उधारीला हे काय वाण्याचं दुकान आहे?"

मग तिकडून बोक्याला: "चल, तू दूध पी."

पैसे आहेत. हे फक्त इथे लिहिते. अख्ख्या छपराचे आहेत, वर उरतील. बँकेत पडलेत. माझ्यामागे कोण आहे खायला? तोच, भाचा. म्हणजे पुन्हा तिच्याच घरात. मग आत्ताच का द्यावेत?

१२ मे, सोमवार

भाच्याचा फोन. तिकडे परदेशात गार खोलीत बसून मला सल्ले. उंटावरून शेळ्या हाकणं याच्याकडून शिकावं.

"मावशी, अख्खं करून टाक ना. मी दर महिन्याला पाठवतो. आईचं वय झालंय."

"आणि माझं काय, उतरतंय?"

"तसं नाही गं..."

"तुझ्या आईला इतकं वाटतं तर तिला तिकडे ने. तिथे छप्पर असेल की!"

त्याची बायको परवानगी देत नाही, हे मला माहीत आहे. माहीत आहे म्हणूनच बोलले. फोन ठेवल्यावर बरं वाटलं. चहा दोनदा केला.

१५ मे, गुरुवार

पत्रेवाल्याला विचारलं, अर्धं होतं का? डोकं खाजवलं. होतं म्हणाला, पण मधली भिंत वर पत्र्यापर्यंत न्यावी लागेल. नाहीतर तिकडचा पत्रा उचकटला की वारा वरच्या तिकोनातून इकडे शिरणार आणि तुमचं छप्पर आतून ढकलणार.

मग खाली बघत म्हणतो, "मला पटत नाही हो मावशी. एक बाजू आवळली की सगळा जोर दुसरीवर. त्या बाईंचं आधी जाईल."

मी विचारलं, "माझं राहील ना?"

"तुमचं राहील."

झालं तर!

१६ मे, शुक्रवार

ठरलं. अर्धं.

उगाच कारणं लिहीत बसले होते. पेन्शन, वय, गॅरंटी. खोडली सगळी. इथे कुणापासून लपवायचं? मला तिचं छप्पर उडताना बघायचंय. मी कोरडी उभी, आणि तिचे पत्रे पतंगासारखे गेलेले. तिनं माझ्या दारात यावं. "ताई, आत घे," म्हणावं. मग मी ठरवीन. घेईनही कदाचित. पण तिनं म्हणायला हवं.

२० मे, मंगळवार

काम सुरू. चार माणसं, शिडी, ड्रिलचा कल्ला. कान किटले पण आनंदानं.

तिकोनात विटा चढल्या. शेवटच्या थराआधी मी स्टुलावर चढून पलीकडे डोकावले. नऊ वर्षांत पहिल्यांदा तिची खोली वरून पाहिली. पलंग भिंतीला चिकटवलेला, माझ्याच भिंतीला. उशाशी पाण्याचा तांब्या. बोका पसरलेला. आणि ती वर बघत होती. माझ्याकडेच. केस किती पांढरे झालेत! काहीतरी बोलायला तोंड उघडलं तिनं. मी गवंड्याला म्हटलं, "लावा हो वीट, कशाची वाट बघताय?"

तिनं त्या गवंड्याला चहा करून दिला. तिचं घर बंद करणाऱ्याला चहा! असलं चांगुलपण डोक्यात जातं माझ्या. वडील याच्यावरच भाळले.

२२ मे, गुरुवार

सगळं पूर्ण. अख्ख्या भिंतीला खालपासून वरपर्यंत दोन्ही बाजूंनी गिलावा. पत्रेवाला वासा धरून लोंबकळला, तसूभर हलला नाही. अंगणातून बघितलं तर माझा भाग चकचकीत, तिचा तांबूस. एकाच डोक्यावर अर्धा कलप. हसूच आलं.

घर किती शांत झालं!

२४ मे, शनिवार

वादळ येतंय. रेडिओ सकाळपासून ओरडतोय. गाडी फिरवून सांगतायत, कच्च्या छपराखालच्यांनी शाळेत जा. ती गेली, बोका पिशवीत घालून. खिडकीतून पाहिली. वाकून चालते हल्ली. दाराशी क्षणभर थांबली. माझ्याच. मी पडदा सोडला.

संध्याकाळ. वादळ वळलं! समुद्रातच वळलं म्हणे. इकडे नुसता धुरळा आणि चार थेंब. लोक हात जोडतायत आणि माझा जळफळाट. सतरा महिन्यांची निम्मी पेन्शन घातली आणि एक पत्रा उडू नये? तिचा तो गंजका, खिळ्यांवर लोंबणारा पत्रासुद्धा जागचा हलला नाही.

ती परत आली. बोका मजेत.

२७ मे, मंगळवार

आज तिकडून काही ऐकू आलं नाही. अक्षरसुद्धा नाही. भिंत पक्की.

तिच्या पायरीवर दुधाची पिशवी तशीच. अकराला मीच उचलली. उन्हात नासली असती.

२८ मे, बुधवार

आजही पिशवी पायरीवर. बोका बाहेर, दारावर नखं घासतोय. बाई गेल्या असतील कुठेतरी रुसून. जाताना सांगायची पद्धत नाही. आजचंही दूध मीच घेतलं. थोडं बोक्याला दिलं, मी काही राक्षस नाही.

दुपारी चार. भाच्याचा फोन. "आई कालपासून फोन उचलत नाही. जरा बघतेस?" म्हटलं, नाटकं असतील. तर रडायलाच लागला, एवढा घोडा! जाते.

२९ मे, गुरुवार

दार आतून बंद होतं. समोरच्या घड्याळवाल्यानं पहार लावून उघडलं.

पलंग आणि भिंत यांच्या फटीत पडली होती. जिवंत. तोंड एका बाजूला ओढलेलं. उजवं अंग गेलं. वाचा गेली. डाव्या हाताच्या नखांत सिमेंट. नव्या गिलाव्यावर ओरखडे.

डॉक्टरांनी विचारलं, कधी झालं? घड्याळवाला म्हणाला, मंगळवारपासून दिसल्या नाहीत. डॉक्टर म्हणाले, "पहिल्या चार तासांत आणलं असतं तर बोलल्या असत्या. चालल्याही असत्या कदाचित."

मी तेहतीस तासांनी आणली. ते मी मोजले. त्यांनी नाही.

६ जून, शुक्रवार

भाचा आला. पाया पडला. "मावशी, तू होतीस म्हणून आई वाचली." सगळी गल्लीही तेच म्हणतेय. घड्याळवाल्याची बायको माझ्यासाठी भात घेऊन आली. मी खाल्ला.

मग त्यानं भिंतीवर हात फिरवला. "या विटांमुळेच ना? नाहीतर तुला ऐकू आलं असतं."

मी म्हटलं, "हो रे. या विटांमुळेच."

परवा परत जाणार. तिला कुठे ठेवायचं? त्या पत्र्याखाली कसं? पावसाळा तोंडावर. "तुझ्याकडेच राहू दे. तुझं छप्पर पक्कं आहे." काय बोलणार! तिचा पलंग माझ्या खोलीत लावलाय. बेडपॅन नवीन आणलंय.

ती दिवसभर माझ्याकडे बघते. रागानं नाही. राग असता तर बरं झालं असतं.

८ जून, रविवार

ऐकू आलं होतं.

मंगळवारी, सात वाजता, गोळीच्या वेळेला. तीनदा. "ताई." नऊ वर्षांनी पहिल्यांदा. मला वाटलं, शरण आली. म्हटलं, भिंतीतून नाही चालणार, दारात येऊन म्हण. आणि मी चहा ठेवला.